तहानेने राखलेले रान

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला ‘नॅशनल पार्क’ एवढे दोन शब्द सांगितले की पुरते. पाटीवरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे लांबलचक नाव कोणी उच्चारत नाही. १९८० साली विमान अपघातात संजय गांधींचे निधन झाले, त्यानंतर उद्यानाला हे नाव मिळाले. त्याआधी ते कृष्णगिरी होते. कृष्णगिरी हेही काही सरकारी कचेरीत बसून शोधलेले नाव नव्हे. आत डोंगरावर जी कान्हेरीची लेणी आहेत, तिथल्या शिलालेखांत या डोंगराला कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर, असे म्हटले आहे. कण्हसेल, कृष्णगिरी, कान्हेरी: एकाच डोंगराला लोक दोन हजार वर्षे एकाच नावाने हाका मारीत आले आहेत.

आज या डोंगरापर्यंत आपल्याला सायकलवर जायचे आहे. प्रवेशद्वाराच्या आत सायकली भाड्याने मिळतात. सायकल हातात घेतल्यावर आधी ब्रेक दाबून पाहा, कारण परतीची वाट उताराची आहे. सोमवार टाळा. खाण्याची पिशवी हँडलला लटकवू नका, कारण माकडांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. इथून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर. उद्यानाची बस हे अंतर काही मिनिटांत कापते, पण बसमधून चढ कळत नाही. या जंगलाचा इतिहास समजायचा तर चढ कळायला हवा, कारण हा सगळा इतिहास पाणी कुठून कुठे उतरते याचा आहे.

पहिला थांबा नदीचा. प्रवेशद्वारापासून थोडे पुढे गेले की रस्त्याच्या कडेने दहिसर नदी भेटते. उपनगरातल्या पुष्कळांना दहिसर म्हणजे फक्त स्टेशन वाटते. ही नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते, जंगलातून खाली येते आणि बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून खाडीला मिळते. जंगलातली नदी आणि हमरस्ता ओलांडल्यानंतरची नदी एकच आहे, यावर विश्वास बसू नये इतका तिचा चेहरा बदलतो. पोयसर आणि ओशिवरा याच डोंगरांतून पश्चिमेकडे उतरतात. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन माहीमकडे जाते. उपनगरांतल्या या चारही नद्यांचे माहेर इथे आहे.

आता थोडे जोर लावून पायडल मारा. उजव्या-डाव्या हाताला पाडे दिसतील. वारली, महादेव कोळी, कोकणा, दुबळा या समाजांची माणसे इथे राष्ट्रीय उद्यान होण्याच्या आधीपासून राहतात. बिबट्याला ती वाघोबा म्हणतात आणि त्याची पूजा करतात. वाघोबाच्या शेजारी कसे राहावे, अंधारात लहान मुलाला एकटे सोडू नये, उकिरडा वाढू देऊ नये, ही शहाणीव त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शहराला ती फार उशिरा आली. २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली, त्यानंतर कुठे उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमधून याबद्दल बोलणे सुरू झाले.

पुढे रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट तुळशी तलावाकडे जाते. ती सर्वांना खुली नाही, तेव्हा सायकल टेकवून इथेच थांबू. जंगल कोणामुळे उरले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बंद वाटेच्या पलीकडे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरींवर आणि तलावांवर जगत होते. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे त्या काळाची खूण. धनिकांनी पुण्यकर्म म्हणून तलाव खोदावेत, सरकारने कौतुक करावे, असा रिवाज होता. कापडाचा व्यापार वाढला, माणसे वाढली, आणि उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागला. १८४५ साली पाण्यावरून दंगे झाले, तेव्हा चौकशीसाठी समिती नेमावी लागली. मिठीच्या खोऱ्यात बांध घालावा, ही सूचना त्या काळातली. सूचनेचे काम व्हायला मात्र अजून एक दशक आणि १८५४ चा अपुरा पाऊस लागला. १८५६ च्या आरंभी विहारचे काम सुरू झाले. हेन्री कॉनिबेअर हा अभियंता होता. मातीचे तीन बांध घालून खोरे अडवले गेले आणि १८६० साली काम पुरे झाले. साष्टीच्या डोंगरातले पाणी लोखंडी नळातून बेटावर पोहोचले. मुंबईकराच्या घरी नळ आला तो या जंगलातून.

पण शहराची तहान धरणापेक्षा वेगाने वाढते. विहार अपुरे पडताच त्याच डोंगरात तुळशीचे काम हाती घेतले गेले आणि १८७९ साली तो तलाव तयार झाला. मग १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, म्हणजे शहराने पहिल्यांदा साष्टी ओलांडून हात लांबवला. पुढे वैतरणा आली, भातसा आली.

विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव होते, आणि त्यांच्यात पाणी जिथून येते ते डोंगर स्वच्छ राहणे भाग होते. तिथे वस्ती नको, गुरे नकोत, कारखाना नको. बाकी साष्टीवर रेल्वेच्या दोन रेषांभोवती गावांची उपनगरे झाली, शेतांच्या चाळी झाल्या, चाळींचे टॉवर झाले. मधला डोंगराळ तुकडा मात्र तसाच राहिला. आपण समजतो की जंगल कोणीतरी वाघ-हरणांसाठी राखले. ते नंतरचे. राष्ट्रीय उद्यानांचा मुंबई राज्याचा कायदा १९५० चा, देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या नव्वद-शंभर वर्षे आधी या रानावर पहारा बसला होता, तो शहराला तहान लागली म्हणून. त्या पहाऱ्याभोवती उद्यान वाढत वाढत आजच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरपर्यंत पोहोचले. बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत ते पसरले आहे.

चला, सायकल उचला. शेवटचा चढ अंगावर येतो. दम लागला तर उतरून हातात धरून चाला, त्यात कमीपणा नाही. कान्हेरीला येणाऱ्या भिक्षूंनाही हा चढ पायीच चढावा लागत होता.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. खोदकाम साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्षूंचा राबता राहिला. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या दोन भव्य बुद्धमूर्ती पाहून बहुतेक जण परत फिरतात. तुम्ही मात्र पायऱ्यांनी वर चढा आणि जमिनीकडे पाहत चाला. जवळपास प्रत्येक लेण्याच्या अंगणात कातळात खोदलेले टाके दिसेल. खडकावर बारीक चर दिसतील. पावसाचे पाणी वाहून टाक्यात पडावे म्हणून ते खोदले आहेत. डोंगरावर विहीर नाही, नदी खाली दूर. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा, हा प्रश्न या भिक्षूंनी लेणे खोदतानाच सोडवून ठेवला होता.

टाक्याला शिलालेखांत ‘पोढी’ म्हणतात. कोणी लेणे दान दिले, कोणी पोढी दिली, असे हे लेख सांगतात. देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चौलचे व्यापारी आहेत, त्यांच्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत. सगळ्यांत लक्षात राहतो तो एका टाक्यावरचा संस्कृत लेख. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी ही एका महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी लढणारी घराणी. लढायांनी जे मिटले नाही ते सोयरिकीने मिटवण्याचा हा प्रयत्न असावा. इतिहासकारांना या लग्नाचा पुरावा मिळाला तो पाण्याच्या टाक्यावर. राणीचा अमात्य सतेरक याने हे ‘पानीयभाजन’ धर्मदाय म्हणून दिले, असे तो लेख म्हणतो. राजवाडा राहिला नाही, राणीचे पूर्ण नावही आपल्यापर्यंत पोहोचले नाही; टाक्याने मात्र त्या सोयरिकीची आठवण ठेवली.

ही अक्षरे वाचणाऱ्यांचेही ऋण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९९१ मध्ये त्यांचा या लेखांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राष्ट्रकूटांच्या काळातले, म्हणजे नवव्या शतकातले लेख सांगतात की लोक इथे द्रम्म ठेव म्हणून ठेवीत आणि त्याच्या व्याजातून लेण्यांची दुरुस्ती, भिक्षूंची वस्त्रे, पुस्तके यांचा खर्च भागे. देणाऱ्यांत थेट गौड देशाचा, म्हणजे बंगालचा माणूस आहे. नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीत काही पारशी पाहुण्यांनी आपली नावे कोरली आहेत. तारखा आहेत १००९ आणि १०२१ सालच्या. लेण्यावर नावे कोरणे वाईटच. पण हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या नावाला आपण पुरावा म्हणतो आणि परवाच्या नावाला विद्रूपीकरण, हे बरोबर आहे. पुढच्या हजार वर्षांसाठी आपण वेगळे काही ठेवू.

१५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या पाद्र्यांनी कान्हेरीत तळ दिला. त्या काळाच्या दियोगो दो कूतो या बखरकाराने एक गोष्ट नोंदवली आहे. इथून भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, असे लोक सांगत, म्हणून एक पाद्री माणसे, दोर आणि शिधा घेऊन आत शिरला, सात दिवस चालला आणि अंत न लागल्याने परतला, असे तो लिहितो. इथे असे भुयार नाही. पण बोगद्याची ही कथा आज ऐकताना थोडे थबकायला होते, कारण आता खरोखरीचा बोगदा येतो आहे. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन झाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचाही बोगदा याच डोंगराखालून जायचा आहे. सध्या घोडबंदरवरून वळसा घालणाऱ्या माणसाचा वेळ वाचणार, हे खरे. डोंगराच्या पोटातल्या पाण्याच्या वाटांवर लक्ष ठेवावे लागणार, हेही खरे.

परतीच्या उताराला लागण्यापूर्वी हिशेबाच्या दोन गोष्टी.

पहिली अशी, की तलावांनी जंगल राखले, पण त्या राखण्याची किंमत सगळ्यांनी सारखी भरली नाही. शहराला पाणी देणाऱ्या तलावांच्या अंगणात राहणाऱ्या कित्येक पाड्यांना स्वतःच्या नळासाठी आणि विजेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. कडेच्या झोपड्यांचा प्रश्न १९९५ मध्ये उच्च न्यायालयात गेला, १९९७ मध्ये निकाल लागला, आणि पुढच्या काळात हजारो झोपड्या उठल्या. काहींना चांदिवलीत घरे मिळाली. जंगल वाचले याचा आनंद मानताना, ज्याचे घर गेले तोही या शहरात कामालाच आला होता, हे विसरून चालत नाही. पोढी देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते, जागा सोडणाऱ्याचे कुठेच कोरले जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची. विहार रोज सुमारे नऊ कोटी लिटर पाणी देतो, तुळशी सुमारे एक कोटी ऐंशी लाख. आकडा मोठा वाटतो. पण मुंबईला रोज जे पाणी मिळते त्यातल्या शंभर लिटरमागे हे तीन लिटरही भरत नाही. बाकीचे भातसा, वैतरणा, तानसातून नळांनी येते आणि त्यातले बरेचसे याच जंगलाच्या कडेला भांडुपला शुद्ध होऊन शहरात जाते. म्हणजे ज्या तहानेने हे रान राखले, ती आता दुसरीकडे भागते. जुना पहारेकरी म्हातारा झाला आहे. उद्या कोणी म्हणाले, तीन टक्क्यांसाठी एवढी जागा कशाला अडवायची, तर आपल्याकडे उत्तर हवे.

ते उत्तर २६ जुलै २००५ ला मिळाले होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जागा परत मागितली. तो पाऊस या डोंगरांवर झाडे नसताना, नुसत्या उघड्या कातळावर आणि काँक्रीटवर पडला असता तर खाली काय झाले असते, याचा विचार करा. प्यायला पाणी साठवणे हे रानाचे एक काम. पडलेले पाणी धरून ठेवणे, सावकाश सोडणे हे दुसरे, आणि ते काम टक्क्यांत मोजले जात नाही. ते एखाद्याच दिवशी मोजले जाते.

२०२४ च्या पावसाळ्यात इथल्या उतारांवर कारवी फुलली होती. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे याआधी २०१६ ला आणि यानंतर २०३२ ला. कारवीला घाई नसते. तिच्या मुळांनी उतारावरची माती धरलेली असते, तेवढे ती वर्षानुवर्षे गुपचूप करीत राहते.

आता उतार आहे. दोन्ही ब्रेकवर बोटे ठेवा, वळणावर घंटी वाजवा, पाड्याजवळ वेग कमी करा. खाली प्रवेशद्वाराशी सायकल परत केल्यावर कोणी ना कोणी नळाखाली तोंड धुवायला थांबतोच. तिथे हात धुताना एकदा वर डोंगराकडे पाहावे, एवढेच आजचे सांगणे.