भूमिका (चित्रपट)

अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला, श्याम बेनेगल दिग्दर्शित हिंदी चित्रपट (१९७७). पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांची. छायालेखन गोविंद निहलानी यांचे. पटकथेस व नायिका उषा साकारणाऱ्या स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार (पहा : समांतर चित्रपट).

नर्तकी-नटीच्या फसलेल्या प्रेमांची कहाणी, असे याचे वर्णन होते. ते अपुरे आहे. उषाचे प्रत्येक नाते कामाशी जखडलेले दिसते. पती केशव तिच्या कमाईवर जगतो. धनिक काळेच्या वाड्यात प्रतिष्ठा मिळते, पण उंबरठा ओलांडता येत नाही. पुरुषच कथा पुढे नेतात, हा आक्षेप निराधार नाही. मात्र आजीकडून मिळालेले गाणे त्या सर्वांआधीचे, आणि तो बालपणाचा भाग कृष्णधवल, तर वर्तमान रंगीत. सॅली पॉटर यांच्या ‘द टँगो लेसन’मध्ये (१९९७) याच्या उलट वास्तव कृष्णधवल व कल्पित चित्रपट रंगीत आहे, शिवाय तेथे नाचणारी स्त्रीच दिग्दर्शिका आहे. उषाला कॅमेऱ्यामागची जागा मिळत नाही (पहा : लावणी, वाडकर, हंसा).