आधी माप, मग दुरुस्ती

२००१ सालचा पावसाळा सरत आला होता. माझा संगणक गोणपाटात गुंडाळून मी जव्हारहून एसटीने मोखाड्याला नेला. चार महिने तो बंदच होता. जव्हारच्या पावसात दमट हवा आणि भारनियमन, दोन्ही एकदम असायचे. पाऊस ओसरल्यावर सुरू केला तर पडद्यावर तारीख भलतीच, आणि खाली इंग्रजीत सूचना, की जतन केलेली सेटिंग्ज सापडत नाहीत. मोखाड्याच्या बाजारात ओळखीच्या एका तरुणाने नवे कॉम्प्युटर सेंटर काढले होते. आशा तिथेच होती.

त्या डिस्कवर माझे तीन वर्षांचे काम होते. जव्हार संस्थानाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे, वेठबिगारीच्या हकिकती, काही मोडी कागदांची छायाचित्रे. आणि १९९२ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने जी मुले गेली, त्यांच्याबद्दल तिथल्या पाड्यांवर ऐकलेले. एका वारली आजींनी आपल्या पाड्यावरच्या मुलांची नावे मला एकेक करून सांगितली होती. सरकारी कागदात ती मुले आकड्यांत होती, आजींच्या तोंडी नावांत. वही पावसात भिजू लागली म्हणून मी ती नावे संगणकात टंकून ठेवली होती.

सेंटरमधल्या तरुणाने खोका उघडला. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, ती त्याने बदलली. मग सेटिंगच्या पडद्यावर डिस्कची नोंद हाताने पुन्हा केली. तिथे ‘नॉर्मल’, ‘एलबीए’ आणि ‘लार्ज’ असे पर्याय होते. डिस्क ४.३ जीबीची, त्या काळी मोठीच. त्याने ‘लार्ज’ निवडले. विंडोज ९८ उघडेना. फ्लॉपीवरून मशीन सुरू करून त्याने स्कॅनडिस्क लावली. चुकांवर चुका निघू लागल्या. तो म्हणाला, “चाचा, डिस्क खराब दिसतेय. दुरुस्त करू?” मी म्हणालो, “कर बाबा.” मग जो प्रश्न येईल त्याला तो ‘दुरुस्त करा’ असे उत्तर देत गेला.

डिस्क खराब नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून खराब केली. ते कसे, हे नंतर त्र्यंबकमार्गे नाशिक गाठल्यावर एका जाणत्या तंत्रज्ञाने मला समजावले. त्यानंतर या विषयाचा इतिहास मी वाचत गेलो.

डिस्कवरची जागा सांगायची जुनी रीत तीन आकड्यांची आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. तबकडीवर वर्तुळाकार पट्टे असतात. एकाखाली एक येणाऱ्या पट्ट्यांचा गट म्हणजे सिलिंडर, प्रत्येक पृष्ठभागाला एक हेड, आणि पट्ट्याचा छोटा तुकडा म्हणजे सेक्टर. अमुक सिलिंडर, अमुक हेड, अमुक सेक्टर, असा पत्ता. एका डिस्कला किती सिलिंडर, किती हेड आणि पट्ट्याला किती सेक्टर, या तीन आकड्यांना डिस्कची भूमिती म्हणतात.

पुढे घरगुती संगणक आले आणि या भूमितीत खोटेपणा शिरला. संगणकाच्या बायोसला १,०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टरपर्यंतच मोजता येई, तर डिस्कच्या जोडणीला १६ हेडपर्यंतच. दोन्ही मर्यादा एकत्र आल्या की ५२८ एमबीच्या पुढची जागा दिसेनाशी होई. १९९० च्या दशकात डिस्क त्याहून मोठ्या झाल्या. तेव्हा वाट काढली गेली ती अशी, की सिलिंडर कमी सांगायचे आणि हेड वाढवून सांगायचे. गुणाकार साधारण तेवढाच राहतो.

पण ही वाट एक नव्हती. ‘लार्ज’ पद्धत सिलिंडरना दोनाने, चाराने, आठाने किंवा सोळाने भागते आणि हेडना तितक्यानेच गुणते. ‘एलबीए’ पद्धत सेक्टरना ओळीने क्रमांक देते आणि भूमिती वेगळ्या कोष्टकाने बेतते. माझ्या डिस्कच्या अंगावर ८,९४४ सिलिंडर, १५ हेड, ६३ सेक्टर असे छापलेले होते. ‘एलबीए’ने तिचे ५२६ सिलिंडर आणि २५५ हेड होत. ‘लार्ज’ने ५५९ सिलिंडर आणि २४० हेड. २४० हेड खरेच असते तर आत १२० तबकड्या लागल्या असत्या, आणि डिस्क माझ्या तळहातावर मावत होती! दोन्ही हिशेब काल्पनिकच. पण डिस्क ज्या हिशेबाने लिहिली गेली, त्याच हिशेबाने ती वाचावी लागते.

आता फरक पाहा. फाइलींचा ताळेबंद लिहिला गेला तेव्हा एका सिलिंडरमध्ये २५५ गुणिले ६३, म्हणजे १६,०६५ सेक्टर धरले होते. ‘लार्ज’ निवडल्यावर मशीन २४० गुणिले ६३, म्हणजे १५,१२० धरू लागले. डिस्कच्या अगदी सुरुवातीला दोन्ही हिशेब जुळतात. म्हणून मशीनला डिस्क ओळखीची वाटली, ताळेबंदाचा पहिला भागही बरोबर वाचला गेला. पुढे मात्र दर सिलिंडरमागे ९४५ सेक्टरची चूक साठत जाते. शंभराव्या सिलिंडरशी ती ९४,५०० सेक्टर होते. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे तिथला मजकूर शोधायला गेलेले मशीन सुमारे ४८ एमबी अलीकडे जाऊन उभे राहते. तिथे दुसरीच कुठली तरी फाइल असते.

एवढ्यावर काहीच बिघडत नाही, कारण चुकीच्या जागी वाचल्याने काही पुसले जात नाही. बिघडते ते दुरुस्तीने. दुरुस्ती करणारी आज्ञावली मजकुराचा अर्थ जाणत नाही, तिला फक्त नोंदी एकमेकींशी जुळवता येतात. नोंद जुळली नाही तर ती नोंद चुकीची आहे असे धरते. आपली मोजपट्टीच चुकीची असेल, हा विचार तिच्यात नसतो. आणि दुरुस्त केलेली नोंद ती त्याच चुकीच्या पट्टीने मोजून लिहिते, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या धडधाकट फाइलीच्या अंगावर. प्रत्येक ‘दुरुस्त करा’गणिक माझी काही पाने पुसली जात होती.

या धोक्याची जाण जुनी आहे. युनिक्स प्रणालीत ‘एफएससीके’ नावाची तपासणी-दुरुस्तीची आज्ञावली टेड कोवाल्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिली. पुढे बर्कली विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी नवी फाइल व्यवस्था उभारली. तिचा शोधनिबंध १९८४ चा. तिच्यात डिस्कचा मुख्य ताळेबंद एकाच जागी न ठेवता त्याच्या प्रती सिलिंडरच्या प्रत्येक गटात ठेवल्या, आणि त्याही प्रत्येक गटात थोड्या सरकवून, म्हणजे एक तबकडी अख्खी गेली तरी सगळ्या प्रती एकदम जाऊ नयेत. लिनक्सच्या फाइल व्यवस्थांनी हीच कल्पना पुढे चालवली. पण जादा प्रतसुद्धा योग्य जागी शोधली तरच सापडते. माप चुकले तर दहा प्रतीही नसल्यासारख्याच.

नाशिकहून परतताना मला जव्हारच्या उगमाची कथा आठवली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरातही ती आहे. जयबा मुकणे यांनी इथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. प्रमुखाने होकार दिला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडल्या आणि दोरीने अख्खी जागा वेढून घेतली. त्यांच्या मुलाला, निमशाहाला, १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून ‘शाह’ हा किताब मिळाला. म्हणून या कोळी राजघराण्यात पतंगशाह अशी नावे दिसतात. हीच कातड्याची कथा कार्थेज वसवणाऱ्या राणी डायडोबद्दल भूमध्य समुद्राकाठी सांगतात. आपल्याकडे ती राजाच्या चातुर्याची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती आता वारली प्रमुखाच्या बाजूने ऐकू येते. कातडे तेच होते. त्याच्या मनात ते पसरून मोजायचे होते, समोरच्याच्या मनात ताणून. मोजायची रीत आधी ठरली नाही आणि जमीन गेली.

आपल्या सातबाऱ्यातही हा धडा आहे. इंग्रजांच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. नंतर हेक्टर-आर आले, १०० आरचा हेक्टर. आता जुन्या कागदावर नुसते ‘१-२०’ लिहिलेले असेल तर? एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. एक हेक्टर वीस आर म्हणजे जवळजवळ तीन एकर. आकडा तोच, जमीन दुप्पट किंवा निम्मी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. पण जो प्रमाद नव्हताच, फक्त जुन्या मापातला होता, तो ‘दुरुस्त’ झाला की खरी चूक तिथून सुरू होते.

पत्ते बदलण्याचेही तसेच. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते. मोखाडा मात्र इंग्रजी अमलात, शहापूर तालुक्याचा पेटा. पुढे दोन्ही ठाणे जिल्ह्यात, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. मोखाड्याचा शंभर वर्षांपूर्वीचा कागद हवा असेल तर शहापूर म्हणून शोधावे लागते. ‘मोखाडा तालुक्याचे काही मिळत नाही’ असे म्हणणारे अभ्यासक मी पाहिले आहेत. कागद हरवलेला नसतो, ते नव्या पत्त्याने जुने घर शोधत असतात.

कुणी म्हणेल, तीन आकड्यांची ती भूमिती आता कोण वापरतो? खरे आहे, आजच्या डिस्क सेक्टरचा ओळीने क्रमांकच वापरतात. पण मोजपट्टी बदलायची थांबलेली नाही. जुन्या धर्तीच्या विभाग-कोष्टकात ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीपर्यंतच मोजता येते. म्हणून काही बाहेरच्या डिस्कच्या खोक्यांमधले सर्किट संगणकाला सेक्टर ४,०९६ बाइटचा आहे असे सांगते, म्हणजे आठपट. खोके बिघडले म्हणून आतली डिस्क काढून थेट संगणकाला जोडली की ती पुन्हा ५१२ चे माप सांगते. विभाग जिथे सुरू होतो तो आकडा तोच राहतो, पण त्याचा अर्थ आठ पटींनी आक्रसतो. डिस्क कोरी किंवा बिघडलेली दिसते आणि विंडोज नम्रपणे विचारते, ‘फॉरमॅट करायची का?’ माझ्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने हो म्हटले. लोकांच्या लग्नांची चित्रे त्यात गेली.

मी शिकलो ते थोडक्यात असे. डिस्क एकाएकी ‘खराब’ दिसू लागली तर पहिला प्रश्न हा, की नुकतेच काय बदलले? बॅटरी, मशीन, केबल, खोके, सेटिंग? बदललेले शक्य तर पूर्वीसारखे करून पाहा. अनेकदा डिस्क तिथेच बरी होते. नाही झाली तर तिच्यावर काहीही न लिहिता सेक्टरन् सेक्टर प्रत काढा. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाची फुकट आज्ञावली आहे. मग तपासणी फक्त वाचण्याच्या पर्यायाने चालवा, तसा तो एफएससीकेत आहे आणि विंडोजच्या चेकडिस्कमध्येही. हजारो चुका एकदम निघाल्या तर चुका हजार नाहीत, माप एक चुकले आहे असे समजा. ‘टेस्टडिस्क’मध्ये भूमितीचे आकडे बदलून विभाग कुठे नीट बसतात ते पाहता येते. माप जुळल्यावरच दुरुस्ती, तीही आधी प्रतीवर. आणि डिस्क चांगली असतानाच तिची नोंद कागदावर करून ठेवा. किती सेक्टर, सेक्टर केवढा, विभाग कुठून सुरू, कोणत्या खोक्यात किंवा कोणत्या सेटिंगवर लिहिली. हे पाच मिनिटांचे काम आहे.

नाशिकच्या तंत्रज्ञाने सेटिंग पुन्हा ‘एलबीए’वर नेले आणि उरलेसुरले बाहेर काढले. माझ्या ७१ टिपणांपैकी ४४ सलग मिळाली. बाकीची तुकड्यांत, क्रमांक घातलेल्या निनावी फाइलींमध्ये. वावरकडच्या त्या आजींचे टिपण त्या तुकड्यांतही नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. आजी वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने आणि शेजारच्या दोन बायांनी बसून आठवून आठवून सहा नावे सांगितली. आजींनी अकरा सांगितली होती. अकरा होती एवढे मला पक्के आठवते, कारण मी मोजली होती. ती सहा नावे मी शाईने वहीत लिहिली. खाली पाच ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.

सेंटरमधल्या त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने ‘लार्ज’ निवडले कारण डिस्क मोठी होती. विचारायचे काम माझे होते. आयुष्यभर जुने कागद वाचणारा मी कुठलाही कागद हाती आला की आधी पाहतो, सन कोणता, शके की फसली, बिघा की एकर. त्या दिवशी मी ते विचारले नाही.