काला अंब : मोबाईलवरून पानिपत शिकवताना

पानिपतावरील या व्याख्यानमालेत तोफा, घोडदळ आणि सरदारांच्या आपसातल्या कुरबुरी यांवर आपण बोललो. आजचा भाग थोडा वेगळा आहे. मालिका पाहणारे इतिहासाचे प्राध्यापक मला विचारतात, "आमच्या कॉलेजात स्टुडिओ नाही, बजेट नाही, मुलांना पानिपतला नेणेही शक्य नाही. मग हे शिकवायचे कसे?" पुण्याहून पानिपत सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. मी तीसहून अधिक वर्षे सैन्यात काढली. तिथे शिकलो आणि शिकवलेही. त्या अनुभवावरून सांगतो, की हे काम खिशातल्या मोबाईलवर होऊ शकते. मात्र मोबाईल कशासाठी वापरायचा हे आधी ठरले पाहिजे.

जागा पाहून काय कळते?

काला अंब पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. तिथल्या आंब्याचे झाड लढाईतल्या रक्ताने काळे पडले, अशी लोककथा आहे. त्यावरूनच हे नाव पडले. ते झाड आज नाही. त्या जागी विटांचा स्तंभ आहे, भोवती राखलेली बाग आहे आणि पलीकडे सपाट शेते. दरवर्षी १४ जानेवारीला तिथे लोक जमतात. हरियाणातील रोड समाज स्वतःला पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो. त्या समाजाची मंडळीही श्रद्धेने येतात.

स्तंभासमोर उभे राहिले की मन भरून येते, पण लढाई समजत नाही. सिंहगडावर किंवा पन्हाळ्यावर गेलात तर कडा, दरवाजा आणि वाट पाहून निम्मी हकीकत आपोआप उलगडते. पानिपतला टेकडी नाही, तट नाही, खिंड नाही. हे मैदान नकाशाशिवाय मुके आहे. म्हणून ज्याला पानिपतला जाता येत नाही त्याचे फारसे बिघडत नाही. नकाशाशिवाय पानिपत शिकणाऱ्याचे मात्र खूप बिघडते.

पहिले साधन : नकाशा

गूगल अर्थ फुकट आहे. त्यावर चार खुणा करा : कुंजपुरा, पानिपत, बागपत आणि दिल्ली. मग तारखा लावा. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी कुंजपुरा जिंकला, म्हणजे मराठी फौज पानिपतच्याही उत्तरेला होती. २५-२६ ऑक्टोबरला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, म्हणजे तो पानिपतच्या दक्षिणेला आला. आता मुलांना एकच प्रश्न विचारा : दिल्लीच्या वाटेवर कोण उभे आहे?

वर्ग एकदम जागा होतो. हिंदुस्थानाबाहेरून आलेला अब्दाली दक्षिणेला आणि दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला. दोघेही आपापल्या घराकडे पाठ न करता तोंड करून उभे. पुढचे अडीच महिने, ती उपासमार आणि शेवटी खंदक सोडून बाहेर पडण्याचा निर्णय, हे सारे या उलट्या मांडणीतून निघाले. पुस्तकात यासाठी दोन पाने लागतात, नकाशावर दोन मिनिटे. एक सावधगिरी मात्र बाळगा. यमुनेचे पात्र तेव्हापासून सरकले आहे. आजच्या पात्रापासून अंतर मोजून ते १७६१चे म्हणून सांगू नका.

नकाशा झाला की मोबाईल खाली ठेवा आणि माती घ्या. सैन्यात आम्ही याला सँड मॉडेल म्हणतो. वाळू, दोऱ्या, रंगीत कागद आणि काड्या, एवढाच खर्च. मराठ्यांचे तोंड दक्षिणेला, म्हणून डावी बाजू पूर्वेकडे येते, यमुनेच्या अंगाला. तिकडे इब्राहिमखान गारदी. मध्ये भाऊसाहेब आणि विश्वासराव. उजवीकडे, पश्चिमेला, शिंदे आणि होळकर. नकाशा वाचताना मुले डावे-उजवे हमखास उलटे करतात. वाळूपाशी उत्तरेच्या बाजूला उभे केले की तो गोंधळ संपतो. मग एकाला भाऊसाहेब करा, एकाला मल्हारराव, आणि विचारा, "आता तुमचा हुकूम काय?" ही चर्चा मोबाईलवर टिपा. तेवढ्याने तुमचा व्हिडिओ तयार झाला.

दुसरे साधन : आवाज

नवशिके आधी कॅमेऱ्याचा विचार करतात. माझा सल्ला आहे, आधी आवाज सांभाळा. चित्र थोडे धूसर असले तरी माणूस पाहतो. आवाज फाटला तर दोन मिनिटांत उठून जातो. काही शे रुपयांचा कॉलर माईक, त्यावर स्पंजची टोपी, पंखा बंद आणि खोलीत जाड पडदा किंवा चादर, एवढ्याने बहुतेक काम भागते. काला अंबसारख्या उघड्या जागी वारा हा मोठा शत्रू. तिथे वाऱ्याकडे पाठ करून आणि माईक छातीशी धरून बोलावे. आवाज साफ करायला ऑडॅसिटी आणि पडदा टिपायला ओबीएस, दोन्ही फुकट आहेत.

आवाजाच्या बाजूने आणखी एक हिशेब आहे. साध्या बोलण्यासाठी ३२ किलोबिटचा वेग पुरतो. त्या वेगाने दहा मिनिटांच्या ध्वनिफितीला सुमारे अडीच एमबी लागतात. तेवढ्याच वेळाच्या बऱ्यापैकी व्हिडिओला दीड-दोनशे एमबी सहज लागतात. गावाकडे नेटवर्क रडतखडत चालते, डेटा मोजून वापरावा लागतो. तिथल्या विद्यार्थ्यासाठी हा फरक धडा मिळणे आणि न मिळणे यांतला आहे.

पानिपताच्या साधनांना तर आवाजच शोभतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात या काळातली पत्रे आहेत. त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती आंतरजालावर मिळतात. ते मराठी डोळ्यांनी वाचताना मुले अडखळतात, कारण वाक्य लांब आणि विरामचिन्हे नाहीत. मोठ्याने वाचले की श्वासाबरोबर अर्थ सुटत जातो. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पत्र द्या. त्याने ते तीन मिनिटांत वाचून रेकॉर्ड करावे आणि पुढची दोन मिनिटे आपल्या शब्दांत सांगावे. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस पत्रांचा ध्वनिसंग्रह तयार होईल, खर्च शून्य.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. त्या रणांगणावर विश्वासराव अठरा वर्षांचे होते. तिथून जीव वाचवून परतलेले नाना फडणीसही अठराचेच. नानांनी पुढे ती हकीकत आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली. पहिल्या वर्षाच्या मुलाला आपल्याच वयाच्या माणसाचे शब्द आपल्या आवाजात वाचायला लावा. वर्गातली कुजबुज थांबते.

पुण्याने हे आधी करून पाहिले आहे

यंत्राने शिकवण्याची कल्पना नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत एक प्रयोग केला. शेतीवर अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले, आठवड्यातून दोन. गावातली मंडळी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. जिथे ऐकल्यावर चर्चा झाली त्या गावांत माहिती भरपूर वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे वाढ तुटपुंजी होती.

पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर देशभर दिसू लागले. पुणे विद्यापीठातही निर्मिती केंद्र उभे राहिले. उपग्रह होता, तज्ज्ञ होते, कार्यक्रमही चांगले होते. पण ते मुख्यतः इंग्रजीत, ठरल्या वेळी येत, आणि पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नसे. आज मराठीत बोलता येते, हवे तेव्हा थांबवून पुन्हा ऐकता येते, प्रश्नही विचारता येतो. तरी १९५६चा धडा कायम आहे : ऐकल्यानंतर मुलांनी काय केले, यावर शिकणे ठरते. सैन्यातला आमचा नियमही तोच. सांगा, दाखवा आणि मग करून घ्या. तिसरी पायरी गाळली तर पहिल्या दोन फुकट.

करून घेण्यासारखे दोन धडे

पहिला धडा आकाशाचा. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. पानिपतवर 'संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत आली' असे आपण सर्रास ऐकतो. स्टेलारियम हे फुकटचे आकाशदर्शक सॉफ्टवेअर उघडा. आजकाल १४ जानेवारीला सूर्य ताऱ्यांमध्ये कुठे असतो ते पाहा. मग तोच सूर्य १७६१ मध्ये त्याच जागी कधी होता ते शोधा. उत्तर १० जानेवारीच्या आसपास येते. संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेली होती.

त्याच पडद्यावर दुपारचा सूर्य पाहा. दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ३९ अंशांवर. दक्षिणेकडे तोंड करून लढणाऱ्याच्या तो डोळ्यांवर येणार. आणि रात्री? अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत आकाशात होता. पळणाऱ्याला वाट दिसली आणि पाठलाग करणाऱ्यालाही.

दुसरा धडा चाऱ्याचा. घोड्याला दिवसाला दाणावैरण मिळून १० किलो धरा आणि घोडी ४०,००० धरा. रोजचे ४०० टन झाले. बैलाच्या पाठीवर १०० किलो धरले तर रोज ४,००० बैल छावणीत पोचायला हवेत. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. मुलांनी मोबाईलवरच्या तक्त्यात ते बदलून पाहावेत. निम्मे केले तरी भार प्रचंडच राहतो. मग डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, याचा अर्थ एक सरदार पडला एवढाच नव्हता, हे त्यांना न सांगता कळते.

स्वस्ताईचा धोका

साधने स्वस्त झाली तसे खोटे पसरवणेही स्वस्त झाले. ढोल-ताशे, भलत्याच लढाईची चित्रे, लाखांचे मनचे आकडे आणि 'हा इतिहास तुमच्यापासून लपवला' अशी आरोळी, की व्हिडिओ धावू लागतो. त्याला आपले उत्तर शिस्तीचे असावे. प्रत्येक ध्वनिफितीत विद्यार्थ्याने तीन गोष्टी बोलून सांगाव्यात : हे कोणी लिहिले, कधी लिहिले, आणि तो कोणाच्या बाजूचा होता. काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने सुमारे वीस वर्षांनी लिहिले. बखरीचा बाज वेगळा, पत्राचा वेगळा. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला तो कागदपत्रांबरोबर प्रत्यक्ष जागा पाहून. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, शिस्त होती.

मित्रहो, पानिपतावर पडलेल्या बहुतेकांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्याविषयी निदान खरे बोलावे, एवढे देणे आपण लागतो. म्हणून एक विनंती. यशवंतराव पवार धारचे, दमाजी गायकवाड बडोद्याचे, शिंदे ग्वाल्हेरचे, होळकर इंदूरचे. या मालिकेचे वाचक आज त्या सगळ्या गावांत आहेत. प्रत्येक गावातल्या एका कॉलेजाने आपापल्या सरदारावर दहा मिनिटांची ध्वनिफीत करावी, साधने सांगून, मराठीत. १४ जानेवारीला सगळ्या मिळून ऐकू. ऐकल्यावर चर्चा मात्र जरूर करा.

पुढच्या भागात खंदकाच्या आतल्या पाण्याचा हिशेब मांडू. तोवर नमस्कार. जय हिंद.