जोशी, आनंदीबाई गोपाळ : फिलाडेल्फियातील विद्यार्थिदशा (१८८३–८६)

जोशी, आनंदीबाई गोपाळ : (३१ मार्च १८६५–२६ फेब्रुवारी १८८७). अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. माहेरचे नाव यमुना. माहेर कल्याणचे, जन्मस्थळ काही नोंदींत पुणे, काहींत कल्याण असे येते. नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. वैद्यकाकडे वळण्याचे कारण म्हणून चरित्रकार याच घटनेकडे बोट दाखवतात. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाची परीक्षा पार केली, त्यामुळे ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ कोण हा वाद मधूनमधून उपटतो. प्रस्तुत नोंद केवळ विद्यार्थिदशेपुरती असल्याने तो येथे घेतलेला नाही.

प्रस्थान : पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत व्हावी म्हणून गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरात असलेले मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचवले आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात १८८० च्या सुमारास छापून टाकला. न्यू जर्सीतील रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना पडला. पुढे पत्रे सुरू झाली आणि न पाहिलेल्या कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमधील श्रीरामपूरला होती. तेथील कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. लोक रस्त्यात, दारात जे प्रश्न विचारत तेच सहा प्रश्न त्यांनी भाषणासाठी घेतले : अमेरिकेला का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का, परतल्यावर वाळीत टाकले तर, संकट आले तर, आणि बाईमाणसाने आजवर जे केले नाही ते तुम्हीच का करता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाहीर केले. पुढील तीन वर्षांतला प्रत्येक घास आणि प्रत्येक निरी या एका वाक्याला बांधलेली राहिली. कलकत्ता सोडले ७ एप्रिलला, न्यूयॉर्क गाठले ४ जूनला. गोपाळराव बरोबर नव्हते. आनंदीबाईंचे वय अठरा.

पोशाख : कोशांतील नोंदी या विषयाला एखादे वाक्य देतात. ते अन्यायाचे आहे, कारण परक्या मुलखात या विद्यार्थिनीला पहिला निर्णय घ्यावा लागला तो लुगड्याचा. नऊवारी लुगड्याचा काष्टा मागे खोचला की पोटऱ्या उघड्या राहतात. चोळी आणि लुगडे यांच्यामध्ये कंबरेचा पट्टाही उघडा राहतो. कोकणच्या हवेत यात अडचण काहीच नाही. फिलाडेल्फियात हिवाळ्यात बर्फ पडते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे अमेरिकी झगा, पण तो चढवला की श्रीरामपूरच्या शब्दाला तडा गेला असता. आनंदीबाईंनी मधली वाट काढली, गुजराती पद्धतीने साडी नेसण्याची. खाली परकर, पाय घोट्यापर्यंत झाकलेले, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. थंडीला थोडा अटकाव झाला आणि नेसण ‘आपल्याकडचीच’ राहिली. फक्त ती कोकणस्थ घरातली नव्हती. या बदलाला नवऱ्याची संमती मागायची तर बोटीच्या टपालावर अवलंबून राहावे लागे. याच काळातील गोपाळरावांची काही पत्रे चांगलीच तिखट आहेत. आनंदीबाईंची उत्तरे सौम्य आहेत, पण गुळमुळीत नाहीत. ‘परदेशी जाऊन बिघडली’ हा आरोप मराठी घरांतून आजतागायत कपड्यांपासूनच सुरू होतो, एवढे येथे नोंदवणे अस्थानी ठरू नये.

खोली व आहार : रोझेलला उन्हाळा कार्पेंटर कुटुंबात गेला, फिलाडेल्फियातली खोली मात्र वेगळी निघाली. तिच्यातली शेकोटीची जागा सदोष होती. विस्तव पेटवला की धूर कोंडे, विझवला की गारठा. खोकल्याला दोन्ही सारखेच. जेवण शाकाहारी. मांसाहारी शहरात एकट्या शाकाहारी विद्यार्थिनीच्या ताटात काय उरते, हे तेथे एक हिवाळा काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. प्रकृती ढासळण्याचे मूळ बहुतेक चरित्रकार या खोलीत आणि या आहारात शोधतात.

महाविद्यालय : विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. स्थापना १८५०. अधिष्ठाता रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. प्रवेशाच्या अर्जात आनंदीबाईंनी आपले वय आणि पूर्वतयारी नियमांत बसत नसल्याचे स्वतःहून मांडले. तरी प्रवेश व अर्थसाहाय्य मिळाले.

अभ्यासक्रम : तीन वर्षांचा.

प्रबंध : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथांतील मते आणि महाविद्यालयात शिकवलेले शास्त्र त्यात शेजारी शेजारी येतात. शीर्षकातील ‘आर्य’ हा शब्द त्या काळाचा म्हणून वाचावा.

सहाध्यायिनी : १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, जपानच्या केइ ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या इस्लामबूली आपल्या देशाच्या पोशाखात. (इस्लामबूली यांचे पहिले नाव कोठे साबात, कोठे ताबात असे आढळते.) हे तीन स्त्री डॉक्टरांचे चित्र म्हणून सर्वत्र छापले जाते, पण तेव्हा तिघीही विद्यार्थिनीच होत्या. आनंदीबाईंची पदवी पुढच्या वर्षीची, ओकामींची १८८९ ची, इस्लामबूलींची १८९० ची. वर्गात तिघी अशाच पोशाखात बसत की फोटोसाठी नटल्या, यावर लिहिणाऱ्यांनी फारसा विचार केलेला नाही. आनंदीबाईंपुरते तरी उत्तर ‘पोशाख’ या भागात आले आहे.

पदवीदान : ११ मार्च १८८६. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत पोहोचले होते. इंग्लंडहून पंडिता रमाबाई या नात्यातल्या भगिनी समारंभाला आल्या. रमाबाईंचे हिंदू उच्चवर्णीय स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियाहून १८८७ मध्ये निघाले. ते रमाबाईंच्या आईच्या स्मृतीस अर्पण असून प्रस्तावना बॉडली यांची आहे.

आजार व अखेर : क्षय. त्याची सुरुवात नेमकी केव्हा झाली याविषयी मतभेद आहेत. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण रुजू होता आले नाही. मृत्यू पुणे येथे, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी.

चरित्रे : कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी (१८८८) व काशीबाई कानिटकर यांचे मराठी. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे. तिचे नाट्यरूपही झाले, आणि मराठी वाचकाला आठवतात ते बहुतेक प्रसंग त्या कादंबरीतले असतात. तपशिलाचा आधार म्हणून ती वापरू नये.

स्मारके : शुक्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत त्या पुरलेल्या आहेत. दगडावर नावापुढे एम. डी. आहे.