प्लॅटिनम टिकवायचं कसं?

धातू मिसळण्याची गोष्ट आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, फार जुनी आहे. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका झुडपाचं मूळ खणताना रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती निघाले, मिळून 60 किलोच्या वर! तपासणीत तांब्यात आर्सेनिक सापडलं. ते मुद्दाम घातलं की खनिजातूनच आलं, यावर वाद आहेत. पण त्यानं तांबं कडक होतं, हे नक्की.

आज मिश्रधातूचा खरा कस लागतो तो फ्युएल सेलमध्ये. 1839 मध्ये विल्यम ग्रोव्हनं प्लॅटिनमच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात ठेवल्या, एकीला हायड्रोजन दिला, दुसरीला ऑक्सिजन. वीज मिळाली. पण प्लॅटिनम महाग! म्हणून पुढे काजळीसारख्या कार्बनवर त्याचे काही नॅनोमीटरचे कण बसवले जाऊ लागले. गंमत अशी, की हे कण जागेवर बसतच नाहीत. फॉस्फरिक आम्लाचा सेल साधारण 150 ते 200 अंशांवर चालतो; तिथे ते सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात, थोडे विरघळतातही. पृष्ठभाग घटला की वीजही घटली.

1970 नंतर अमेरिकेत युनायटेड टेक्नॉलॉजीजनं प्लॅटिनममध्ये व्हॅनेडियम, क्रोमियम, कोबाल्ट मिसळून पाहिलं. मला यातलं भट्टीचं भांडण फार आवडतं. कोबाल्ट प्लॅटिनमच्या आत शिरायला शेकडो अंशांची आच हवी, आणि आच वाढवली की कण फुगतात! कमी तापवलं तर कोबाल्ट वरवरच राहतो आणि सेलमध्ये आम्लात उतरतो. म्हणून तो आधीच आम्लानं धुऊन काढतात, उरेल तेवढाच खरा. टोयोटाच्या 2014 च्या मिराई गाडीत प्लॅटिनम-कोबाल्टच होतं.

आता आपल्याकडे बघा. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरायला हवेसाठी वर यावं लागतं, आणि वर आली की ती शत्रूला सापडते. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेनं त्यासाठी फॉस्फरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा बनवली. हायड्रोजन ती आतच तयार करते. एल अँड टी आणि थरमॅक्स सोबत होते. 8 मार्च 2021 ला जमिनीवरच्या चाचणीत ती दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहिली: दीर्घकाळ दमानं आणि पूर्ण ताकदीनं.