एका जाळ्यांतील दोन आंकडे

दादर स्टेशनाच्या पुलावर पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वेंचे उतारू रोज एकमेकांत मिसळतात. फेब्रुवारी २०१२ ते जून २०१५ या काळांत त्याच पुलाखालीं एक विलक्षण स्थिति होती. पश्चिम रेल्वेच्या तारेंत २५,००० व्होल्टचा, क्षणोक्षणीं दिशा पालटणारा प्रवाह खेळत होता; शेजारच्या मध्य रेल्वेच्या तारेंत १,५०० व्होल्टचा, एकाच दिशेचा. पूल ओलांडणाऱ्यास याची वार्ताहि नव्हती.

हा भेद कोणाच्या प्रमादानें पडला नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धावली, तेव्हां १,५०० व्होल्ट हीच शहाणपणाची निवड होती. पुढें १९५७ सालीं देशाच्या रेल्वेनें २५,००० व्होल्टची पद्धति पत्करली, आणि सर्वांआधीं आरंभ करणारी मुंबई, पुणें-इगतपुरीपर्यंतच्या टापूसह, जुन्या आंकड्यावर बेटासारखी उरली. इगतपुरीस एंजिन बदलावें लागे. मग दोन्ही प्रवाहांवर चालणारीं एंजिनें आलीं. आणि जुन्या प्रवाहाची शेवटची लोकल हार्बर मार्गावर ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीं धावली.

संगणकांच्या जाळ्यांत असाच एक तंटा अलीकडे उपजला आहे. त्याचें मूळहि कोणीतरी आधीं चालूं लागला यांतच सांपडतें.

या तंट्यांतील कंटेनर म्हणजे काय, हें गिरगांव-लालबागच्या चाळींत राहिलेल्यास समजणें कठीण नाहीं. प्रत्येक बिऱ्हाडाला आपली खोली, आपलें दार, आपला क्रमांक. पाया आणि जिना मात्र सर्वांचा एक. तसेच एका संगणकावर अनेक प्रोग्राम आपापल्या बंद खोलींत राहतात आणि त्या संगणकाच्या प्रणालीचा गाभा सामाईक वापरतात. म्हणूनच विंडोजच्या गाभ्यावर वाढलेला कंटेनर लिनक्सच्या चाळींत नांदूं शकत नाहीं. एखाद्या पेढीचा हिशेबाचा जुना प्रोग्राम विंडोजसाठीं लिहिलेला असतो. तो टाकून देणें परवडत नाहीं, आणि नवें काम सारें लिनक्सवर चाललेलें असतें. सबब दोन्ही जातींचे संगणक एका समूहांत बसवावे लागतात. असे समूह चालविणाऱ्या कुबरनेटिसनें विंडोजच्या संगणकांस पूर्ण मान्यता दिली ती मार्च २०१९ मधील १.१४ या आवृत्तींत.

एका चाळींतील खोलींतून दुसऱ्या चाळींतील खोलींत पत्र धाडावयाचें, तर तें मोठ्या लिफाफ्यांत घालून वर चाळीचा पत्ता लिहावा. व्हीएक्सलॅन ही अशीच लिफाफ्याची पद्धति. तिच्यांत दोन आंकडे महत्त्वाचे: एक पोर्टचा, म्हणजे लिफाफा कोणत्या दारीं द्यावयाचा त्याचा, दुसरा जाळ्याचा ओळख-क्रमांक. लिनक्सनें ही पद्धति डिसेंबर २०१२ मध्यें आपल्या गाभ्यांत घेतली. त्या वेळीं तिला अधिकृत पोर्ट मिळालेलाच नव्हता, म्हणून ८४७२ धरला गेला. अधिकृत ४७८९ मागाहून ठरला, आणि ऑगस्ट २०१४ च्या आरएफसी ७३४८ या दस्तऐवजांत छापला गेला. परंतु तोंवर ज्यांचीं जाळीं उभीं राहिलीं होतीं त्यांची मोडतोड होऊं नये, म्हणून लिनक्सनें जुनाच आंकडा राखला; मागून आलेल्या विंडोजनें अधिकृत घेतला. फ्लॅनेल या प्रचलित जोडणींत लिनक्सचा ओळख-क्रमांक १ असतो. विंडोजला ४०९६ च्या खालचा चालत नाहीं.

परिणाम असा कीं, लिनक्सचे कंटेनर आपसांत बोलतात, विंडोजचे आपसांत बोलतात, आणि परस्परांशीं मुके राहतात. धाडणारा लिफाफा धाडतो; त्या दारीं घेणारा कोणी उभाच नसतो. माहितगार माणूस अशा वेळीं प्रोग्रामांत दोष शोधीत बसत नाहीं. तो लिनक्सच्या संगणकावर टीसीपीडंप लावून बाहेर पडणाऱ्या लिफाफ्यावरील आंकडा वाचतो. ८४७२ दिसला कीं निदान झालें.

नवशिक्यास फसविते ती पिंग. हांक मारून ओ येते का पाहण्याची ही जुनी रीत विंडोजच्या कंटेनरांतून भरंवशाची नाहीं, कारण कित्येक जोडण्यांत त्या जातीच्या संदेशांस बाहेरची वाटच दिलेली नसते. जाळें धडधाकट असतां पिंग निरुत्तर राहते, आणि बिचारा रात्रभर नसलेला रोग हुडकीत बसतो. त्यापेक्षां कर्लनें खरें पान मागवून पाहावें. दुसरी खोडी आकाराची. लिफाफ्याचा स्वतःचा भार ५० बाइट. एकूण मर्यादा बहुधा १,५०० ची (रेल्वेच्या आंकड्याशीं जुळतो तो निव्वळ योगायोग), तेव्हां आंतील पत्रास १,४५० उरतात. हें न सांभाळल्यास लहान पत्रें पोंचतात आणि मोठीं अडकतात.

मुख्य तंट्यांत नमतें घ्यावें लागतें तें लिनक्सला, कारण विंडोज आपला आंकडा सोडीत नाहीं. फ्लॅनेलच्या मांडणींत पोर्ट ४७८९ आणि ओळख-क्रमांक ४०९६ असें लिहून प्रत्येक संगणकावरील जोडणी नव्यानें उभी करावी लागते. अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या आंकड्यावर असतात तेवढ्या वेळांत, पूर्वीं सुखानें बोलणारे लिनक्सहि एकमेकांस अंतरतात. म्हणून हें काम वर्दळ थांबल्यावर, रात्रीं करणें बरें. हार्बर मार्गावरील पालटहि एका रात्रींतच उरकला होता. लिनक्सच्या गाभ्यांत मात्र ८४७२ हा मूळचा आंकडा अद्याप तसाच आहे. ज्याला दुसरा हवा असेल त्यानें तो स्वतः लिहावयाचा.