महापालिकेच्या खर्चावर नागरिकांचा अंकुश : कायदे आहेत, वापर हवा

नागपूर : नागपूर महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत शहराला ना स्थायी समिती होती, ना सर्वसाधारण सभा. दोन्हींचे अधिकार प्रशासक या नात्याने आयुक्तांकडे होते. खर्चाचा प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच, अशी ही स्थिती होती. १५१ नगरसेवकांनी विचारावयाचे प्रश्न त्या काळात विचारू शकत होता तो केवळ करदाता नागरिक. सभागृह पुन्हा अस्तित्वात आले म्हणून नागरिकांची ही जबाबदारी संपत नाही. त्यासाठी कायद्याने त्यांच्या हाती कोणती साधने दिली आहेत, त्याचा हा आढावा.

माहितीचा अधिकार

देशपातळीवरील कायदा येण्यापूर्वीच, २००२ मध्ये महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा.

माहिती ३० दिवसांत मिळाली नाही अथवा अपुरी मिळाली, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे खंडपीठ नागपुरातच असल्याने विदर्भातील अर्जदारांना मुंबई गाठावी लागत नाही. कसूर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नेमके काय मागावे?

‘आमच्या भागात किती खर्च झाला’ असा मोघम प्रश्न विचारल्यास उत्तरही मोघमच मिळते. एखादा रस्ता वर्षभरात उखडला असेल, तर त्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागाव्यात. डांबराचा थर किती जाडीचा ठरला होता, प्रत्यक्ष किती नोंदवला गेला आणि पैसे कशाचे दिले गेले, हे या चार कागदांतून समजते. कार्यादेश व निविदेच्या अटींत दोषदायित्व कालावधीही नमूद असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाल्यास दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करावयाची असते. ही तारीख नागरिकांना ठाऊक नसली, तर त्याच खड्ड्यासाठी तिजोरीतून दुसऱ्यांदा पैसे जाण्याचा धोका असतो.

या कायद्यात केवळ कागदांचा नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. त्याचा उपयोग मात्र फार थोडे नागरिक करतात. कागदपत्रे पाहण्यासाठी आणखी एक सोपा मार्ग आहे. पुणे महापालिकेने सुरू केलेल्या प्रथेच्या धर्तीवर राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. त्यानुसार जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालये तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात.

रस्ता कोणाचा?

नागपुरात ही अडचण नेहमीची आहे. एकाच परिसरातील कामे महापालिका, १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेले नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामेट्रो यांपैकी कोणाचीही असू शकतात. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून अर्जदारास परत पाठवता येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग करावयाचा असतो.

सेवा वेळेत न मिळाल्यास

जन्म-मृत्यू दाखला, नळजोडणी, मालमत्ता हस्तांतरणाची नोंद यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली असून, ती पाळली न गेल्यास अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची दिनांकित पोच घेणे मात्र अत्यावश्यक आहे. मुदत मोजली जाते ती त्या तारखेपासूनच.

कागदावर राहिलेली क्षेत्रसभा

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. राज्याच्या कायद्यानुसार त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे कमाल तीन प्रतिनिधी घेता येतात. नागपुरात दहा झोन आहेत. त्याखालच्या पातळीवर, गावातील ग्रामसभेप्रमाणे शहरातील मतदारांनाही एकत्र बसून कामांचा प्राधान्यक्रम सुचवता यावा, यासाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती राज्यात रुजली नाही. ग्रामीण मतदारास ग्रामसभेत हिशेब विचारता येतो. शहरातील मतदारास त्यासाठी अर्ज लिहून महिनाभर वाट पाहावी लागते, ही या व्यवस्थेतील मोठी विसंगती आहे.

मंजूर झालेला खर्च मागे घेता येत नाही. मात्र देयक अदा होण्यापूर्वी विचारलेला प्रश्न तो थांबवू शकतो. म्हणूनच रस्ता उखडल्यानंतर तक्रार करण्याऐवजी काम सुरू होताच कार्यादेशाची प्रत मागणे अधिक परिणामकारक ठरते. वस्तीतील दोन-चार रहिवाशांनी मिळून एकेका कामाचा पाठपुरावा केला, तरी कंत्राटदार आणि अभियंता दोघांनाही आपले काम पाहिले जात असल्याची जाणीव राहील. नव्या सभागृहातील नगरसेवकांनी क्षेत्रसभेचा प्रश्न लावून धरल्यास या प्रयत्नांना कायमस्वरूपी व्यासपीठ मिळू शकेल.